काकूंनी न म्हटलेलं वाक्य

दवाखान्याच्या फोनवर ‘सभी कर्मचारी व्यस्त हैं’ ऐकून तुम्ही कोणाला शिव्या घालता? जबलपुरात तो आवाज आमच्या शेजारच्या काकूंचा आहे. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवसापासून त्या दही खात नाहीत. पंखा बंद करून, दारावर रजई टांगून प्रत्येक शब्द तीनदा बोलतात: वाक्याच्या सुरुवातीला शोभेल असा, मधे आणि शेवटी. मग फोनवरचे संदेश बनवणारी कंपनी ते हवे तसे जोडते.

‘सभी कर्मचारी व्यस्त हैं’ हे वाक्य बोलायला आलं तेव्हा माझ्यासमोरच त्यांनी कंपनीवाल्याला फोन लावला. “भैया, वहाँ फोन पे बैठते कितने हैं?”

“कोई नहीं, दीदी. आप बस बोल दीजिए.”

“पाटनसारख्या बाहेरच्या गावाहून लोक फोन लावून राहिले, अन् मी खोटं काहून बोलू?” मला असं म्हणून त्यांनी नकार कळवला. काम गेलं.

महिन्याभरात तेच वाक्य त्यांच्याच आवाजात वाजू लागलं. कंपनीने जुने शब्द जोडले होते. काकूंनी ते चारदा ऐकलं.

“जोड कुठंच कळत नाही. इतकं साफ काहून बोलले मी?”

तो आवाज ऐकलात तर त्याला शिव्या देऊ नका. दवाखान्यात जा आणि फोनवर माणूस बसवा, असं लेखी द्या.