आप्पांचं शून्य

माणूस घर सोडतो, पण घर काही माणसाला सोडत नाही, असं म्हणतात. माझ्या बाबतीत हे खरं नाही. घराने मला दौंड स्टेशनवर व्यवस्थित सोडलं. त्यासाठी न्हावऱ्याहून जीप केली होती, जीपमध्ये नऊ माणसं होती, आणि त्यातल्या सात जणांना दौंडात दुसरी कामं होती.

बंगळुरूची गाडी दीड तास उशिरा आली. तोवर सगळे आपापली कामं उरकून फलाटावर परत आले होते आणि निरोप देण्याचा उत्साह संपला होता. आई चटणीची पिशवी चौथ्यांदा तपासत होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, फलाटावरच्या वजनकाट्याकडे टक लावून बघत होते. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "पोचलीस की मिस कॉल दे. उचलायचो न्हाई आमी. वाजला की समजू."

मी मानसशास्त्र शिकायला चालले होते. गावात 'डॉक्टर व्हायला चाललीय' असं सांगितलं गेलं, आणि पुढे पीएचडी झाल्यावर ते खरंही ठरलं. फक्त कुणी अंगात ताप घेऊन ओट्यावर येऊन बसलं की आईची पंचाईत व्हायची.

बंगळुरूनंतर इंग्लंड. उत्तरेकडच्या एका शहरात मला आता नऊ वर्षं झाली. माझा विषय आरोग्य मानसशास्त्र. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी माणूस का घेत नाही, आणि मोबाइलने आठवण करून दिली तर घेतो का, हे आम्ही शोधतो. या प्रश्नाला आमच्याकडे भारदस्त नावं आहेत आणि त्या नावांच्या परिषदा भरतात. आई आप्पांना "गोळी घेतली का?" एवढंच विचारायची आणि उत्तराची वाट न बघता चहाच्या बशीत गोळी ठेवून द्यायची.

आमच्या विभागात एकटेपणावर काम करणारे आम्ही अकरा जण आहोत. प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे. स्वयंपाकघरात एक फ्रिज आहे, त्यात दुधाच्या अकरा बाटल्या आणि प्रत्येक बाटलीवर मालकाचं नाव. पहिल्या आठवड्यात मी चुकून दुसऱ्याचं दूध चहात घातलं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एक सौम्य ईमेल आला. तेव्हापासून मीही माझ्या बाटलीवर नाव लिहिते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर आहेत, त्यांना हे सांगायला नको. अपमान कुणीच करत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सगळे "छान वीकेंड घालवा" म्हणतात आणि सोमवारी "कसा गेला?" विचारतात. मधल्या दोन दिवसांत माझा आवाज फक्त दुकानातल्या काउंटरवर निघतो.

आई गेली त्या वर्षी आमच्या गटाचं ॲप तयार झालं होतं. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांसाठी. रोज सकाळी गोळी घेतली की हिरवी खूण दाबायची, आणि दर रविवारी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: गेल्या आठवड्यात तुम्हाला किती एकटं वाटलं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे फारच. मराठी मजकूर मीच केला होता. तेरावा झाल्यावर परत निघताना ते ॲप मी आप्पांच्या फोनवर टाकलं. अभ्यासात नातेवाईक चालत नाहीत. ही आमच्या दोघांतली खासगी सोय होती. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती, आणि घरात आता ते आणि दोन गाई एवढेच उरले होते.

मी उठायच्या आत खूण आलेली असायची. ती बघून मी चहा ठेवायचे. मिस कॉलचीच शिकलेली आवृत्ती. आणि रविवारी शून्य. सलग शून्य.

त्याच वर्षी माझ्यासमोर नोकरीच्या दोन जागा आल्या. एक इथलीच, कायमची. दुसरी पुण्यात, घरापासून दोन तासांवर. एकीला होकार द्यायचा होता. मी महिनाभर विचार केल्याचं दाखवलं, मग आप्पांच्या शून्यांची रांग उघडून बघितली आणि इथल्या कागदावर सही केली. मी विद्यार्थ्यांना शिकवते की सलग एकच उत्तर येत असेल, तर समोरचा माणूस प्रश्न वाचत नाहीये असं समजा. ते व्याख्यान माझं चांगलं होतं असं म्हणतात.

यंदा बापूचा फोन आला. बापू गावातल्या दूध डेअरीत दूध मोजून घेतो.

"ताई, घाबरू नका. आप्पा डेअरीत बसल्या बसल्या कलांडले. शिरूरला दवाखान्यात आनलंय. बीपी लई वाढलाय म्हंत्यात."

"पण आज गोळी घेतलीय त्यांनी. खूण आलीय मला."

"ती खून म्या दाबली, ताई."

"आणि कालची?"

"कालची बी."

मी पोचले तोवर आप्पा घरी आले होते. बिस्किटाच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं नीट रचून ठेवली होती, बहुतेक न फोडलेली. मी डबा पुढे ठेवला.

"आप्पा, हे काय?"

"गोळी बशीत यायची," ते म्हणाले. "आता बशीत नुसता च्या येतो. त्यो बी मीच वततो. ध्यानात ऱ्हात न्हाई."

"मग खूण कशाला दाबायला लावायचात?"

"न्हाई दाबली तर तू तिकडं कामाला जायची न्हाईस. फोन करत बसशील."

बापूने केलं ते गावाच्या रीतीनेच. न्हावऱ्यात मोबाइलची कामं डेअरीवर होतात. लाइटबिल, आधारचा मेसेज, पोराचा निकाल, जे असेल ते. माणूस दुधाच्या किटलीबरोबर फोनही बापूपुढे ठेवतो. बापू दूध मापतो, मशीनवर फॅट किती ते बघतो, पावती देतो आणि फोनवर जे काही चमकत असेल ते दाबतो. प्रश्न आला तर मोठ्याने वाचतो. खासगी असं तिथे काही नसतं. सगळ्यांचं दूध एकाच टाकीत जातं.

रविवारी सकाळी मी आप्पांबरोबर किटली घेऊन गेले. बाकड्यावर पाच-सहा जण बसले होते. बापूने फोन घेतला आणि परीक्षेतल्यासारखं वाचलं, "गेल्या आठवड्यात तुम्हाला किती एकटं वाटलं? शून्य ते दहा." माझं वाक्य. तीन वेळा तपासून घेतलेलं.

"ह्यो परश्न काय सुटंना बाबा," एक म्हातारा म्हणाला. "दर आयतवारी त्योच."

"आमी हितं बसलोय ते काय दिसंना व्हय त्या फोनाला?"

"दहा लावलं तर काय देत्यात, ताई?"

"पोरगी परत देत असत्याल. लाव रं दहा."

सगळे हसले. आप्पाही हसले. मग किटलीचं झाकण लावत म्हणाले, "शून्य लाव, बापू. तिच्या कामाचं हाय ते."

बापूने माझ्याकडे बघितलं. त्याने शून्य लावलं.

परतताना आप्पा रिकामी किटली हलवत पुढे चालत होते. चक्कर येऊन गेलेल्या माणसाने इतकं भरभर चालू नये, पण ते मागे वळून न बघता बोलायचं असलं की असेच चालतात.

"तुला बी इचारतो का गं त्यो परश्न?"

"सुरुवातीला भरला होता. ॲप तपासायला."

"कितीचं लावलंस?"

"शून्य."

त्यांनी किटली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "लावताना शेजारी कोन व्हतं?"

शेजारी कुणीच नव्हतं. म्हणूनच शून्य लावता आलं होतं.

पुण्याची जागा केव्हाच भरली गेली होती. माझ्याबरोबर चला म्हटलं, तर आप्पांनी तिथे डेअरी आहे का, एवढंच विचारलं. शेवटी तोडगा बापूने काढला. बिस्किटाचा डबा आता डेअरीवर, फॅटच्या मशीनशेजारी असतो. सकाळी आप्पांची किटली आली की बापू कागदी कपात चहा देतो, बशी नाही म्हणून पावतीवर गोळी ठेवतो, आणि ती घशाखाली गेल्याशिवाय बाकड्यावरून कुणी उठत नाही. मग खूण दाबतो. माझ्या क्षेत्रात इतकी कडक देखरेख करायला परवानगी मिळत नाही. गेल्या खेपेला त्यांचा रक्तदाब ठीक निघाला.

घर म्हणजे काय, याचा मी पूर्वी फार विचार करायचे. जिथे आपला माणूस वाट बघतो ते, वगैरे. आता वाटतं, आपण खोटं बोललो तर जिथे लगेच कळतं, ते घर. त्या हिशोबाने मला इथे नऊ वर्षांत घर मिळालेलं नाही.

रविवारी संध्याकाळचं दूध घालायची वेळ झाली की आप्पा डेअरीवरून फोन करतात. माझी तेव्हा दुपार असते. बापू फोन स्पीकरवर टाकतो. आधी आप्पांचा प्रश्न होतो, आणि आता त्यांच्या आग्रहावरून माझाही. आप्पा हल्ली दोन सांगतात, तेही मोठ्याने. परवा माझा नंबर आला. मनात सात होतं. बाकड्यावरचे आवाज ऐकू येत होते, कुणीतरी खोकलं, किटली खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी चार म्हटलं.

डेअरीवर चर्चा झाली. बापूने चारात आणखी तीन लावले.