रतनच्या पाठीचा हेवा

गेलं वर्षभर माझ्या रोजच्या वहीत रतनचं नाव सारखं येतं, आणि ते काही कौतुकानं येत नाही. श्रावणातलं एक पान असं आहे: 'सकाळी वंदना. चवळीची उसळ केली. रतनच्या हातांवरचे डाग गेले.' शेवटची ओळ लिहिताना पेन इतकं दाबलं होतं, की ती मागच्या पानावरही उमटली आहे.

आज तिच्याविषयी पहिल्यापासून लिहायचं ठरवलंय. रोज एक ओळ कुरकुरीची लिहायची आणि माणूस मात्र लिहायचाच नाही, हे बरं नव्हे.

रतन आमच्या चारकोपातलीच. मी सेक्टर दोनमध्ये, ती आठमध्ये. माहेर परभणीकडचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली. नवरा भीमराज शाळेची बस चालवतो. ती औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात खोट्या दागिन्यांवर खडे चिकटवते. धाकटी नीलम झाली आणि वर्षाच्या आत रतनच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, वर चंदेरी पापुद्रे. गाळ्यातल्या बायका म्हणाल्या, गोंद बाधला. सासू म्हणाली, माशांवर दूध प्यायली असेल. तिनं कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळी केल्या. कुणीतरी दिलेली काळी पुडी खाल्ली. पुडीनं महिन्याभरात अंग साफ झालं, पुडी थांबवली आणि चट्टे दुपटीनं आले, पाठभर पसरले. पुडीत काय होतं कुणास ठाऊक.

हे सगळं तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं, तेही भर गर्दीत. महापालिकेच्या इस्पितळात, त्वचेच्या विभागाबाहेरच्या बाकावर. मी चैत्रातल्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून, डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसले होते. माझं दुखणं सहा वर्षांचं. डोक्यात, कोपरांवर, पाठीवर. मी वंदनेला जाते त्या बुद्धविहारात कुणाला माहीत नव्हतं.

"ताई, सोरायसिस ना?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "हळू बोल की गं."

"हळू बोलून जातंय होय? माझ्या पाठीवर तर अख्खा महाराष्ट्र आहे. विदर्भ जरा जास्त खाजतो."

पलीकडचा म्हातारा हसला. मला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी दोघींना एकामागोमाग तपासलं आणि जवळजवळ तेच सांगितलं. हा संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. मुळापासून जाईल असं वचन देता येत नाही, पण दाबून ठेवता येतो, वर्षानुवर्षं ठेवता येतो. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलिन लावायचं. चट्ट्यांवर रोज मलम, मनानं बंद करायचं नाही. आणि आठवड्यातून तीनदा उजेडाचा उपचार. त्यासाठी एका उभ्या कपाटात काळा चष्मा लावून उभं राहायचं, चारी बाजूंनी नळकांडी दिवे लागतात. सुरुवातीला मिनिटभरसुद्धा नाही, मग हळूहळू वाढवतात. रतन बाहेर आली की म्हणायची, "पाव भाजून झाला. पुढचा आत टाका."

म्हणजे दोघींची सुरुवात एकाच आठवड्यात झाली. हे मुद्दाम लिहिते, कारण माझा सगळा हेवा त्यावर उभा आहे.

रतन विहारात यायची ती सुरुवातीचं त्रिशरण संपता संपता. पांढऱ्या साडीवर आखूड बाह्यांचा ब्लाउज, चट्टे उघडे. पौर्णिमेला उपोसथ, म्हणजे उपास, धरायची नाही. एकदा तर मला कानात म्हणाली, "सकाळी बोंबील खाऊन आलेय गं, वास येतोय का?" मी तीस वर्षं एक पौर्णिमा चुकवलेली नाही. आषाढी पौर्णिमेला बाकीच्याजणी त्या दिवसापुरतं आठ नियमांचं अष्टशील घेतात. गेल्या वर्षी मी पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या पूर्ण तीन महिन्यांचं घेतलं. बारानंतर जेवण नाही, पलंग सोडून खाली चटईवर झोपायचं. आणि माळा, अत्तर, अंगाला लेप लावणं बंद.

लेप बंद म्हणजे मलमही बंद, असा अर्थ मी लावला. व्हॅसलिनसुद्धा. ट्यूब कपाटात ठेवून दिली. कुणाला विचारलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही. उजेड घ्यायला मात्र जात राहिले, कारण उजेड काही अंगाला फासत नाहीत.

श्रावणात रतनचे हात स्वच्छ झाले. भाद्रपदात कोपरं गेली, म्हणजे कोपरांवरचं गेलं. माझी टाळू मात्र सोलवटत होती. सकाळी चटईवरचा भुगा आमचे हे उठायच्या आत झाडून टाकायचा, हे माझं पहिलं काम. डॉक्टरांनी विचारलं, "उजेड दोघींना सारखाच देतोय. तुमचं का हलत नाही? मलम चालू आहे ना?" मी होकाराची मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होते.

विहारात बायका रतनला गराडा घालायच्या. "झकास दिसतेस गं! काय केलंस?" आमच्या महिला मंडळाच्या सुंदराबाईंनी तर तिचा हात धरून सगळ्यांना दाखवला, जसा काही मंडळानंच बरा केला. मी पुढच्या रांगेत बसून गाथा म्हणत होते. मनात मात्र एकच चाललं होतं: शील मी पाळते, उपाशी मी राहते, आणि अंग हिचं निवळतं. सगळ्यांचं भलं चिंतायची मैत्री भावना करायला डोळे मिटले की समोर तिचे ते आखूड बाह्यांतले हात यायचे.

शेवटी एका संध्याकाळी तिचा रिकामा डबा परत द्यायचं निमित्त करून तिच्या घरी गेले. तिनं वेगळं काहीतरी औषध आणलंय आणि माझ्यापासून लपवलंय, अशी माझी खात्री झाली होती.

दार उघडंच होतं. रतन खाली पाटावर दाराकडं पाठ करून बसलेली. भीमराज मागं खुर्चीत. पायाशी मलमाची ट्यूब, डोळे टीव्हीवर, आणि बोटं तिच्या पाठीवर फिरतायत.

"सरक ना जरा, स्कोअर दिसत नाही."

"तू आधी नीट लाव. कालचा डावीकडचा राहिला."

"राहिला कुठं? गेलाय तो. आता काय लावू, कपाळ?"

मी डबा हातात धरून उभीच राहिले. वेगळं औषध नव्हतं. माझ्या कपाटात होती तीच ट्यूब, तोच निळा पट्टा. पण यापेक्षा तिच्या हातांचा हेवा परवडला, असं भीमराजची ती बोटं पाहून वाटायला लागलं. हे मी त्या रात्री वहीत लिहिलं नाही.

रतननं मला पाहिलं, साडी सावरली. "ये ना ताई. बघ, रोजचा तमाशा. तुझं कसंय? लावतेस ना?"

"माझं अष्टशील आहे," मी म्हटलं. "लेप चालत नाही."

"म्हणजे आषाढापासून मलम नाही? अगं ए, वेड लागलं का तुला? तरी म्हटलं, हिची वाट का लागलीय! कुणी सांगितलं असं?"

"शीलात आहे."

"चल. उठ. भंतेजींना विचारू." आणि साडीला दोन पिना लावून ती खरंच निघाली. मला नाही म्हणता आलं नाही. खरं तर भंतेजी 'बरोबर केलंत' म्हणतील आणि हिचं तोंड बंद होईल, एवढ्याच आशेनं मी गेले.

विहारातल्या भंतेजींनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "मलम कशासाठी दिलंय? सजण्यासाठी?"

"नाही भंते. चट्ट्यांसाठी. खाज थांबायला."

"मग ते औषध आहे. ते शील शृंगाराचा मोह सोडण्यासाठी आहे, दुखणं वाढवण्यासाठी नाही. भगवंतांनी अंगभर फोड आलेल्या भिक्खूला स्वतःच्या हातानं आंघोळ घातली. तुम्ही मला आषाढातच का विचारलं नाही, उपासिका?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते वहीत होतं.

घरी येऊन वैशाखाची पानं काढली. 'आज पाठ राहिली.' दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'पाठ राहिली.' शील मी आषाढात घेतलं, पण पाठीला मलम लागणं त्याआधीच दोन-अडीच महिने थांबलं होतं. चैत्रात एकदा यांना पाठीला लावायला सांगितलं होतं. यांनी कुल्फीची काडी शोधून आणली, तिनं मलम फासलं, आणि नंतर बेसिनशी उभं राहून कितीतरी वेळ हात धुतले. काडीनं लावलं होतं, तरी. मी पुन्हा सांगितलं नाही. वर्षावास आला तेव्हा मला हलकं वाटलं होतं, ते का, हे आत्ता कळतंय. मलम नको, आणि पलंगही नको. दोन्ही मीच सोडलेलं.

दुसऱ्या दिवसापासून मलम सुरू केलं. पाठीला लावायला मंगळवारी आणि शुक्रवारी कामावरून सुटल्यावर रतन यायला लागली, न बोलावता. गोंद आणि खड्यांनी तिच्या बोटांना घट्टे पडलेत. भिंतीला गिलावा करावा तशी लावते आणि तोंड चालू ठेवते. "ताई, तुझ्या पाठीवर नुसतं कोकण आहे बघ, लांबट." मी हसायचे. आणि ती आठ वाजता भीमराज वाट बघत असेल म्हणून उठली, की पुन्हा तोच हेवा.

कार्तिकात डॉक्टर म्हणाले, "हात छान निवळले. डोकंही. पाठ का मागं राहिली?"

"रतन लावते. आठवड्यातून दोनदा."

"रोज हवं. घरात कुणी नाही?"

"आहेत," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी हे टीव्हीसमोर बसले होते. मी ट्यूब यांच्या पुढ्यात ठेवली. चैत्रातल्या काडीनंतर यांच्याकडं हे पहिल्यांदाच मागत होते.

"डॉक्टर म्हणाले, पाठीला रोज लावायचं. रतन रोज येणार नाही. काडी नको. बोटानं."

यांनी आवाज बंद केला. ट्यूब उलटसुलट करून पाहिली.

"लागत नाही ना ते?"

"हे दुखणं झाल्यापासून सहा वर्षं एका घरात राहताय. लागलं का?"

यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाले, "चष्मा दे."

पहिल्या दिवशी भसाभस लावलं. मी सांगितलं, बोटाच्या एका पेराएवढं दोन तळहातांच्या जागेला पुरतं. दुसऱ्या दिवशी पेर मोजून घेतलं. हात आता साबणानं एकदाच धुतात. मी कान देऊन ऐकते. पाठ अजून पूर्ण गेलेली नाही, पण रात्री खाजेनं जाग येत नाही, आणि मी पलंगावर झोपते.

रतनला सांगितलं तेव्हा तिनं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. "बघ! म्हटलं नव्हतं?" तिनं काही म्हटलं नव्हतं. तिचं बरं व्हावं असं मला आता मनापासून वाटतं, बहुतेक दिवशी. पण भीमराज स्वतःहून ट्यूब घेऊन बसतो. मला रोज ती यांच्या पुढ्यात ठेवावी लागते.