मीटरला मी शिकवलं

नव्या भट्टीची पूजा होती. मी फूल घेऊन पुढं झालो, तर सुपरवायझरनं माझं मनगट धरलं. सगळ्यांदेखत. म्हणाला, "तू लांबूनच नमस्कार कर. पूजा झालीय."

भट्टी विजेची. अजून तिच्यात खिळासुद्धा वितळला नव्हता. सातपूरच्या त्या फौंड्रीत कोळशाच्या भट्टीवर मी अकरा वर्षं काढली होती. माझ्या हातचं लोखंड साऱ्यांना चालायचं, फूल चालेना. मी ते खिशात घातलं आणि मागं जाऊन उभा राहिलो. गुपचूप मागं गेलो, याचाच आज जास्त राग येतो.

जुन्या भट्टीचं मला कौतुक नाही, हेही सांगतो. तिनं माझी छाती पोखरली. घरी गेलो की थुंकी काळी. पण लोखंडाचा रस उतरला की रंग बघून सांगायचं काम माझं. ओता, नाहीतर थांबा. शंका आली तर थोडा रस ओतून छोटा तुकडा पाडायचा, गार झाला की हातोड्यानं फोडायचा. आतून करडा निघाला तर माल चांगला. पांढरा निघाला तर ठिसूळ. हे कुणी बसवून शिकवलं नाही. डोळे भाजून आलं.

नव्या भट्टीला कोळसा नको, धूर नाही, माणसं निम्मी. पण ताप दाखवणाऱ्या मीटरवरच्या आकड्याचा अर्थ सुरुवातीला कुणालाच लागेना. मग सुपरवायझर गोड बोलायला लागला. "ये रे, जरा बघून सांग." मी रंग बघून सांगायचो, तो मीटरचा आकडा वहीत लिहायचा. दोन महिने रोज. मला वाटलं, आपली किंमत वाढली. कसला येडा मी! माझीच जागा त्या वहीत उतरवून देत होतो.

वही भरली आणि साहेबांनी बोलावलं. कोळशावरच्या आम्हा आठ जणांपैकी चौघांना घरी बसवलं होतं, तिघांना माल चढवायला लावलं होतं. माझ्यापुढं कागद सरकवला. संडास आणि शेड झाडायचं काम. पगार तोच. आठांत बौद्ध मी एकटा.

मी म्हटलं, "साहेब, मला विजेच्या भट्टीवर घ्या. बटणं मी पण शिकंन."

साहेब नुसते हसले. सुपरवायझर म्हणाला, "अरे, तुमच्या वस्तीत अजून बल्ब नाही. विजेचं तुला काय कळणार?"

खरं होतं ते. नाशिकरोडच्या पलीकडं आमची वस्ती. डोक्यावरून मोठ्या तारा जायच्या, कारखान्यांना वीज न्यायच्या. खाली आमच्याकडं रॉकेलची चिमणी. पोरगी तिच्यापुढं नाक काळं करून अभ्यास करायची.

बायकोला सांगितलं. माझ्या बापाला ती मामा म्हणायची. ती म्हणाली, "मामांनी गावात मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, मार खाल्ला. आन् तुम्ही आता हे धरणार हाय का?" आणि लगेच रडायला लागली. "पण पोरीच्या शाळंचं काय हो?" दोन्ही तिचंच बरोबर. सही करावी तर बापाच्या तोंडावर थुंकल्यासारखं, न करावी तर चूल बंद. दुसरीकडं जावं तर तिथंही कोळसा जाऊन वीजच येणार.

सही मी केली नाही. रोज वेळेवर जायचो, बंद भट्टीपाशी उभा राहायचो, काम द्या म्हणायचो.

एक दिवस वेगळ्याच भंगाराची गाडी आली. मीटरचा आकडा वहीतलाच, तरी ओतलेला माल तडकायला लागला. मीटर ताप सांगतो, रसात काय आहे ते सांगत नाही. भट्टी भरलेली, वीज जळतेय, साहेब घामाघूम. सुपरवायझर पळत आला. "चल लवकर, बघून सांग."

रसाच्या ठिणग्या लांबून बघूनच मला चूक कळली होती. शब्द तोंडाशी आला होता. गिळला.

"आधी विजेच्या भट्टीवर माझं नाव लावा. साहेबांच्या सहीनं. मग बघतो."

"माजलास का? काढून टाकीन!"

"टाका."

त्या दिवशीचा सगळा रस वाया गेला. संध्याकाळी मला निलंबनाचा कागद मिळाला. त्यावर कारण लिहिलं होतं, कामास नकार.

गेटबाहेर सायकल धरून मी तो कागद दोनदा वाचला. साफ खोटं. काम तर मीच मागत होतो; रस बघायचं काम त्यांनीच काढून घेतलं होतं. कामगार न्यायालयात हेच सांगायचं, ठरवलं. कोळसा परत नको, दया नको. विजेची भट्टी मी शिकणार, आणि ती जागा मिळेपर्यंत त्यांच्या लोखंडाचा एक थेंबही बघून देणार नाही.