पाण्याची सुट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणूनच बहुतेक जीभ उचलतेय.

मी शाळेत खेळ शिकवते. राहते आचोळ्याला, शाळा नायगावच्या पूर्वेला. मुलींचा बास्केटबॉलचा संघ माझ्याकडे. आणि माझी एक सवय आहे, तिचं शाळेत फार कौतुक होतं — दुसऱ्या दिवशीच्या सरावाचा आराखडा मी आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवते. नव्वद मिनिटं, मिनिटांच्या हिशोबाने. आधी मैदानाला दोन सावकाश फेऱ्या. मग घोटे, गुडघे, खांदे मोकळे करायचे. मग ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पुढे जाणं — उजव्या हाताने, डाव्या हाताने. जोडीजोडीने पास. मग पाण्याची सुट्टी, मग ले-अप, म्हणजे धावत येऊन बास्केटखालून चेंडू आत टाकणं, आणि शेवटी आपापसांत सामना. त्या कागदाबाहेर काही झालेलं मला खपायचं नाही. कडक बाई म्हणायचे मला. आवडायचं ते — खोटं कशाला बोलू?

खोटं. हा शब्द आलाच.

मानसी जूचंद्रची. सोळा वर्षांची, उंच, डावखुरी. घरी आई, बाबा आणि थोडी भातशेती. गोष्ट सात वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली. सुट्टी होती, पण जिल्ह्याचे सामने तोंडावर आलेले, म्हणून रोज दुपारी चारला सराव. सिमेंटचं मैदान तापलेलं असायचं. पलीकडे मिठागरं, तिकडे बघवायचं नाही इतकी पांढरी. त्या दिवशी वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं.

मानसी पंधरा मिनिटं उशिरा आली. बाकीच्या मुलींचं अंग मोकळं करून झालं होतं. ती फाटकापासून धावतच आली — आलीच ती धापा टाकत. काय करायला हवं होतं मी? तिला बाजूला घेऊन पाच मिनिटं हातपाय हलवायला सांगायचं. थंड अंगाने जोरात पळायचं नाही, हे मीच दर वर्षी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते.

मी म्हटलं, "उशीर झाला ना? मग लाइन."

लाइन म्हणजे टोकाच्या रेषेपासून सुटायचं, पुढची रेषा हाताने शिवून परत, मग मधली रेषा शिवून परत, मग पलीकडचं टोक. जीव खाऊन पळायचं. मी तिला दहा वेळा सांगितलं. आराखड्यात लाइन नव्हतीच त्या दिवशी.

चौथ्या वेळी ती माझ्यासमोर थांबली. म्हणाली, "मॅडम, पाणी." मी म्हटलं, "दहा झाल्यावर."

सहाव्या वेळी ती काही बोलली नाही. नुसता अंगठा ओठांपाशी नेला. मी पाहिलं — नाही पाहिलं असं म्हणण्याची सोय मला नाही. मी पाहिलं, आणि मान वळवून दुसऱ्या मुलींचे पास बघत राहिले.

ती मधल्या रेषेवर पडली. आवाजसुद्धा झाला नाही फारसा. सगळ्या मुली जागच्या जागी थिजल्या. कुणाच्या तरी हातून एक चेंडू सुटला आणि उतार नसलेल्या मैदानावरून हळूहळू घरंगळत गेला. मला अजून वाटतं, तो फार वेळ चालला होता.

इस्पितळात नेईपर्यंत ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासूनच काहीतरी दोष असावा. असेल. मी तिथे बाकावर बसले होते, क्लिपबोर्ड मांडीवर. आत मानसी, बाहेर मी — आणि मी काय केलं? आराखड्याचा तो कागद काढून चार घड्या करून पर्समध्ये टाकला आणि नवा लिहिला. अक्षर नेहमीचंच. पाण्याची सुट्टी ड्रिबलच्या आधी आणली आणि पुढे कंसात लिहिलं — सर्वांनी पाणी प्यायले. लाइनचा उल्लेख कुठेच नाही.

मग बाहेर उभ्या असलेल्या मुलींकडे गेले. शर्वरी त्यांची कप्तान. तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "मानसी पाणी प्यायली होती ना गं? आपण सुट्टी घेतली होती ना?" असा प्रश्न मोठ्या माणसाने विचारल्यावर पोरींनी काय म्हणायचं? शर्वरीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो, मॅडम." तिच्यामागून एकेक मुलगी हो म्हणाली.

संध्याकाळी मानसीची आई माझ्यापुढे आली. रडत नव्हती. तिने एकच विचारलं, "पानी प्यायली होती ना माझी पोर?"

"हो," मी म्हटलं. "पोटभर."

पोटभर! कुणी सांगितलं होतं मला तो शब्द जोडायला?

"मग तोंड कोरडं नव्हतं तिचं," आई म्हणाली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. दहाव्याला गेले तर घरातली प्रत्येक बाई मला हात जोडत होती. पोरीच्या तोंडात शेवटचं पाणी यांच्या हातचं पडलं — आई एकेकीला सांगत होती.

पावसाळ्यानंतर सराव पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी मानसीची आई कळशी घेऊन मैदानावर आली. भिंतीच्या सावलीत बसली. मुलींनी विचारण्याआधीच पेले भरून देऊ लागली. तेव्हापासून ती येते. मी आराखड्यात पाण्याची सुट्टी कितीही मागेपुढे केली तरी ती बरोबर त्या मिनिटाला उठते. कागद मी कुणाला दाखवत नाही. कसं कळतं तिला? पहिला पेला माझा असतो. "घ्या, मॅडम. तुम्ही आधी." तिच्या डोळ्यांत राग शोधून दमले मी. नाहीच. मी पिते. सात वर्षं पितेय.

आता शेवटचं, ज्याच्यामुळे हे लिहायला बसले.

मागच्या महिन्यात शर्वरी भेटली. नायगावला भाजी घेत होते, मागून हाक आली. आता नोकरी करते, लग्न ठरलंय. मानसीचा विषय निघणारच होता. मी पाय घट्ट रोवून उभी राहिले — म्हटलं, आज ही बोलणार. बोलू दे.

ती म्हणाली, "मॅडम, एका गोष्टीचं मला फार बरं वाटतं. शेवटचं पाणी तिला मी दिलं. माझी निळी बाटली होती, आठवतं? झाकण निघत नव्हतं. तुम्हीच काढून दिलंत. किती घटाघटा प्यायली ती, हनुवटीवरून ओघळत होतं."

ती खोटं बोलत नव्हती. तिला ते दिसत होतं. भर दुपारी, भाजीवालीच्या टोपल्यांपाशी, माझ्या अंगावर काटा आला. कारण ती सांगत असताना मलाही दिसलं — निळं झाकण, माझी बोटं, मानसीची ओली हनुवटी. घरी येऊन जुना कागद शोधला. पर्स कधीच टाकून दिली होती. बाकीच्या मुलींना विचारलं तर त्याही हेच सांगतील, मला खात्री आहे. जे झालं ते फक्त माझ्याकडे उरलंय, आणि तेही हल्ली पुसट होतंय. म्हणून लिहून ठेवते : तिने दोनदा पाणी मागितलं. मी दिलं नाही.

आणि शर्वरीला मी काय सांगितलं? ती माझ्या उत्तराची वाट बघत उभी होती. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हटलं, "हो गं. फार घट्ट होतं झाकण."

ती हसली, वाकून माझ्या पाया पडली आणि गर्दीत निघून गेली.