आधमची दुसरी बुडी

कच्छमधल्या धमडक्यात जुसब खत्रीच्या शब्दाबाहेर कापड जात नसे. ठसे मारलेलं कापड निळीच्या हौदातून निघालं, वाऱ्यावर हिरव्याचं निळं झालं, की जुसबने मान डोलवायची, मगच ते पुढे. धाकटा भाऊ आधम पंचावन्न वर्षांचा आजोबा झाला होता, पण थोरल्यासमोर ब्र काढत नसे.

गेली चार वर्षं जुसबचं एकच पालुपद. "काळं केलंस की रे! एकच बुडी पुरे. डोळे आहेत की बटणं?" हे सगळं कारागिरांदेखत. आधम मान खाली घालून "बरं, अदा" म्हणायचा; कच्छीत अदा म्हणजे थोरला भाऊ. माणूस किती गिळतो!

मग भुजच्या डॉक्टरने जुसबच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. म्हणाला, "चाचा, डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं होतं. निळा रंग आतपर्यंत पोचतच नव्हता, म्हणून सगळं काळपट दिसायचं."

पट्टी सुटली त्याच दिवशी जुसबने हौदातून नुकतंच काढलेलं, एका बुडीचं कापड वाळताना पाहिलं. फिकं, अगदीच मरतुकडं. चार वर्षं असला माल आपल्या नावाने बाजारात गेला? त्याने व्यापाऱ्यासाठी बांधलेला गठ्ठा सोडला. आतलं कापड मात्र गडद, भरलेलं, वडिलांच्या हातचं असावं तसं निळं. त्याने एकदा हा डोळा मिटून पाहिलं, एकदा तो.

"आधम! ह्याला किती बुड्या?"

"दोन."

"मी एक सांगितली होती."

"तुम्ही घरी गेलात की दुसरी मी देतो, अदा."

जुसब भडकला. "चार वर्षं? आणि माझ्या शिव्या खात उभा राहिलास? तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"डोळ्यांचं सांगितलं असतं तर तुम्ही हौदाकडे फिरकला नसतात," आधम म्हणाला. "मग दिवसभर घरी बसून काय केलं असतं तुम्ही?"

जुसब तिथेच ओल्या जमिनीवर बसला आणि कारागिरांदेखत ढसाढसा रडू लागला.

आधम घाबरला. "अदा, नको! डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणालाय डॉक्टर."

"बाहेरचं म्हणालाय तो," जुसब म्हणाला, आणि त्याने धाकट्याचा निळा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.