फक्कीचं वर्तुळ

मुलीला शाळेतून काढल्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत एकच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की तो कानावर आला तरी तळपायाची आग मस्तकात जाते. "मग दहावीचं काय?" पोरगी नऊ वर्षांची! पण रहाटणीत भाजीवाल्यापासून लिफ्टमधल्या काकूंपर्यंत सगळ्यांना तिच्या दहावीची काळजी. आमचा वॉचमन तर रोज सकाळी अकरा वाजता तिला भिंग घेऊन खाली उतरताना बघतो आणि रोज विचारतो, "आज सुट्टी का?" ती रोज न चिडता "नाही" म्हणते. चिडायचं खातं घरात माझ्याकडे आहे.

काढलं त्याचं कारण सांगते. दुसरीत होती. वर्कशीटवर 'कीटक ओळखा' असं होतं, आणि चित्रं मुंगी, माशी, डास आणि कोळी यांची. हिने कोळी सोडून दिला. बाईंनी लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी ही काड्यापेटीत मेलेला कोळी घेऊन गेली आणि म्हणाली, "बाई, मोजून बघा, आठ पाय आहेत." बाईंनी पेटी उघडलीसुद्धा नाही. उलट बोलते म्हणून तिला वर्गाबाहेर उभं केलं. मी शाळेत जाऊन भांडले, टेबलावर हात आपटला. जी बाई मोजून बघत नाही ती माझ्या मुलीला काय डोंबल शिकवणार, असं मी तेव्हा म्हटलं आणि नंतर प्रत्येक लग्नात, बारशात, जेवणाच्या पंगतीत म्हणत राहिले. माझी अकरा वर्षांची नोकरी मी त्याच महिन्यात सोडली. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. नवरा अजून त्याच पट्ट्यात शिफ्ट करतो.

घरी तिचं बरं चाललं होतं. कढीपत्त्याच्या कुंडीतल्या अळ्या ती रोज पट्टीने मोजायची. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गांडुळं होती, त्यांना चहाचा चोथा आवडतो आणि लिंबाची साल आवडत नाही, हे तिने स्वतः शोधलं. मी फक्त वही आणून दिली होती.

या उन्हाळ्यात तिला टिटवी सापडली. आमच्या इमारतीला लागून एक मोकळा प्लॉट आहे. टँकर वळतात, टेम्पो उभे राहतात, कुणीतरी राडारोडा टाकतं. त्या खडीत चार अंडी होती, टोकं आत वळवलेली, मातकट रंगावर काळे डाग. मला तिने बोटाने दाखवली तरी पाच मिनिटं दिसली नाहीत. घरटं असं काही नाहीच, नुसता खळगा. सोसायटीच्या ग्रुपवर तोपर्यंत तक्रार आलीच होती, की टिटवी ओरडते, अपशकुन आहे, काहीतरी बंदोबस्त करा. मी तिथे जे लिहिलं ते इथे लिहिता येणार नाही.

ती रोज सावलीला बसून टिपणं करायची. एका दुपारी धावत वर आली. टँकरच्या गळक्या नळाखाली टिटवी पोट भिजवून घेते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर जाऊन बसते, असं तिने पाहिलं होतं. सलग तीन दुपारी पाहिलं आणि मगच मला सांगितलं. एवढा अभिमान मला स्वतःच्या प्रमोशनचासुद्धा वाटला नव्हता.

प्लॉटचे मालक गावातले जुने. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी त्यांना जाऊन भेटले, म्हटलं, अंडी फुटेपर्यंत तिकडे कुणी जाऊ नये असं बघा.

"ऱ्हाऊ द्या की ताई," अण्णा म्हणाले. "आमचा बा नांगरताना टिटवीची अंडी दिसली की तेवढा तुकडा सोडून द्यायचा. आमी न्हाई कुनाला जाऊ देनार."

माणूस शब्दाचा वाटला. पण माझं समाधान झालं नाही. कारण दुसऱ्याच दिवशी एका टेम्पोचं चाक अंड्यांपासून चार हातांवरून गेलं. कंपनीत अकरा वर्षं मी जमिनीवरचे पिवळे पट्टे बघितले होते. पट्ट्याच्या आत पाय टाकायची साहेबाचीही हिंमत नसते. जिथे खूण नाही तिथे नियम नाही, हे माझ्या हाडांत भिनलंय. मी हार्डवेअरच्या दुकानातून फक्कीची पिशवी आणली, मैदानावर रेघा आखतात ती पांढरी भुकटी.

"नको ना, आई," ती म्हणाली. "अंडी दिसत नाहीत म्हणूनच वाचतात. खूण केली की सगळ्यांना कळेल."

"कळावं म्हणूनच करतेय."

"पण टिटवीला ते कुणालाच कळू द्यायचं नसतं. मी बावीस दिवस बघतेय."

"मी अकरा वर्षं बघितलंय," मी म्हटलं. "मोठ्यांचं ऐकावं कधीतरी."

आणि अंड्यांभोवती दोन पावलांचं ठळक, सुबक वर्तुळ काढलं. टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होत्या. दहा मिनिटांनी एक परत येऊन अंड्यांवर बसली. "बघ," मी म्हटलं, "काही झालं का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला दाताच्या डॉक्टरकडे दापोडीला नेलं. परत आलो तेव्हा दुपार होती आणि रस्त्याच्या टोकापासूनच घरघर ऐकू येत होती. प्लॉटमध्ये बोअरची गाडी उभी होती. करड्या भुकटीचा लोट दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता. पाइप बरोबर वर्तुळाच्या मध्यातून खाली चालला होता. वरती दोन टिटव्या ओरडत फिरत होत्या, पण मशीनपुढे त्यांचा आवाज येत नव्हता, नुसत्या चोची उघडताना दिसत होत्या.

मी धावत जाऊन गाडीवाल्याला काय काय बोलले, हिंदीत, मराठीत. तो तमिळ माणूस, त्याने शांतपणे मशीन थांबवलं आणि जमिनीकडे बोट केलं. "मॅडम, सेठ फोन पे बोला, सफेद मार्किंग पे मारो. मार्किंग है ना?"

अण्णांनी आधी जमिनीतलं पाणी शोधणारा पाणाडी आणला होता म्हणे. त्याने पलीकडच्या कोपऱ्यात नारळ ठेवून फक्कीची खूण केली होती. नारळ कुणी उचलला आणि खूण टँकरच्या चाकांखाली पुसली गेली. प्लॉटवर पांढरी खूण एकच उरली होती. अण्णा पुतण्याच्या लग्नाच्या गडबडीत, त्यांनी फोनवरूनच काम उरकलं.

दोन दिवस मी सगळ्यांवर भडकले. गाडीवाल्यावर, लग्नघरी अडकलेल्या अण्णांवर, ग्रुपवरच्या अपशकुनवाल्यांवर, झोपलेल्या नवऱ्यावर. ज्या शहरात चार अंड्यांपुरती जागा नाही त्या शहरावर. पोरगी रडली नाही. खिडकीत बसून होती. मी एवढी ओरडत होते, पण एकदाही तिला विचारलं नाही की तुला काय वाटतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा पेढे घेऊन दारात. चेहरा फुललेला.

"ताई, पानी लागलं! धो धो! पानाड्यानं दावल्याली जागा ऱ्हायली बाजूला, वॉचमन म्हनला पोरीनं खून केलती, तिथंच लागलं बघा. हात गुनाचा हाय पोरीचा."

"तिथे अंडी होती, अण्णा!" मी किंचाळले. "तुम्ही शब्द दिला होता!"

त्यांचा हात पेढ्यांच्या पुड्यावरच थांबला. त्यांना खरंच आता आठवलं. "आरारारा," म्हणत ते चपलांच्या रॅकशेजारी खालीच बसले. मग वर बघून पोरीला म्हणाले, अगदी मायेने, "पन बाळा, अंड्यांपाशी खून करत्यात व्हय? आमी कदी न्हाई केली. आमी नुसतं ध्यानात ठिवायचो. कशापायी केलीस गं?"

ती माझ्याकडे बघत होती. तक्रार नव्हती त्या बघण्यात. मी बोलेन याची वाट बघत होती, एवढंच.

मी अण्णांना म्हटलं, "जाऊ द्या. लहान आहे. चुकतं लहान मुलांचं."

इतक्या सहज तोंडातून आलं. गेले तीन दिवस मी ओरडून सगळ्या गावाला दोष दिला होता, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा घरातलं सगळ्यात लहान माणूस पुढे केलं. अण्णांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पेढे ठेवले आणि गेले. मी दार लावलं. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळू लागले.

ती आत आली, ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, मला परत शाळेत घाल."

"का?" मी विचारलं. "तिथे तुझं कोण ऐकत होतं?"

"बाई नाही ऐकायच्या," ती म्हणाली. "पण तेव्हा मी घरी येऊन तुला सांगायचे. आता कुणाला सांगू?"