प्रेमकथा मागवल्या आणि तक्रारी आल्या

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो, ते साचतात. माझा फोन रोज ओरडतोय की जागा संपली, काहीतरी डिलीट करा. मी डिलीट करायला बसते, एकेक मेसेज उघडते, पुन्हा डोकं फिरतं आणि ते काम तसंच राहतं! म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगूनच टाकते. निदान माझं बीपी तरी खाली येईल.

आमचा एक ऑनलाइन लेखकांचा ग्रुप आहे, 'लिहा की!' नावाचा. मीरा रोड, भाईंदर, पार उत्तनपर्यंतची हौशी मंडळी. मी त्याची अ‍ॅडमिन. सगळे मला शुभाताई म्हणतात. सकाळी गुलाबाचे फोटो टाकणाऱ्यांवर ओरडायचं आणि दुपारी रुसलेल्यांना फोन करून समजवायचं, हे माझं काम. बिनपगारी!

यंदा मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी प्रेमकथा चॅलेंज जाहीर केलं. पाच आठवडे, पाच भाग. रविवारी संध्याकाळपर्यंत भाग आला नाही की तो लेखक बाद. पाचही भाग पूर्ण करणाऱ्यांमधली सगळ्यात चांगली कथा एका दिवाळी अंकात छापायची, असा संपादकांनी मला शब्द दिला होता.

जाहीर करून हात धुवायला गेले, तेवढ्यात पहिला प्रश्न आला. एक आजोबा विचारतात, "पात्रं विवाहित असलेली चालतील का?"

"चालतील की!"

"एकमेकांशी?"

आता काय सांगायचं? मी लिहिलं, "ते लेखकाने ठरवायचं." झालं! त्या संध्याकाळी तिघं ग्रुप सोडून गेले. नुसते नाही गेले, 'आमच्या घरात लेकीसुना आहेत' असं लिहून गेले. त्यातलेच एक दुसऱ्या दिवशी बायकोच्या नंबरवरून परत आले. म्हणे, लिहायचं नाही, पण वाचायला काय हरकत आहे!

*

मोरव्याचे गावडेकाका आमच्याकडे सगळ्यात शिस्तीचे. रिटायर्ड माणूस, त्यामुळे त्यांचा भाग सर्वांच्या आधी हजर. मी मोठ्या उत्साहाने उघडला.

पहिल्या पानावर नायकाला नोकरी लागली. दुसऱ्या पानावर तो पर्मनंट झाला. तिसऱ्या पानावर त्याने मीरा रोडच्या पूनम सागरला फ्लॅट बघितला, पूर्व-पश्चिम हवा, स्टिल्ट पार्किंग, सोसायटीची कागदपत्रं क्लिअर. पार्किंगवर तर इतकं जीव ओतून लिहिलं होतं की काय सांगू. शेवटच्या ओळीत कुठे, 'समोरच्या खिडकीत एक मुलगी उभी होती.'

मी फोन केला. "काका, प्रेमकथा आहे ना ही? प्रेम कुठंय?"

काका माझ्यावरच तापले. "अहो, आधी सेटल तर होऊ दे त्याला!"

*

आता रेश्माचं सांगते, कारण माझा खरा जीव तिच्यात अडकला होता.

रेश्मा उत्तनजवळच्या पालीची. कोळ्याच्या घरची सून. दुपारी बोंबील वाळत घालून झाले की तिथेच बसून फोनवर टाइप करायची. तिचा पहिला भाग मी गॅससमोर उभी राहून वाचला आणि दूध उतू गेलं. बोंबील वाळवणारी एक मुलगी, आणि दर वर्षी मासेमारीच्या सीझनच्या आधी होड्यांवर नावं रंगवायला येणारा एक उंच माणूस. एवढंच. तो तिला विचारतो, "अक्षर मोठं काढू की बारीक?" आणि ती नुसती हसते. बाकी मंडळींची पात्रं पानभर मिठ्या मारत होती, पण धडधडलं मला ह्या हसण्याने!

तिने मला विचारलं, "ताई, खरंच छापतात का हो? माझं नाव आजपर्यंत फक्त लग्नाच्या पत्रिकेत छापलंय. तेपण चुकीचं."

मी म्हटलं, "पाच भाग पूर्ण कर, पुढचं माझ्यावर सोड."

अडचण एकच होती. फोन तिचा नव्हता, घराचा होता. मासळीच्या ऑर्डरी त्याच्यावर यायच्या आणि फोनवर सत्ता होती सासूबाईंची, हिराबाईंची. "आई जास्त बोलत नाहीत," रेश्मा सांगायची, "पण फोन उचलून घेतला ना, की संपलं." म्हणजे दर रविवारी मी दहादा ग्रुप उघडून बघायची. हिचा भाग येतोय की नाही!

*

दुसऱ्या आठवड्यात सकाळी सकाळी साळुंखेंच्या मिसेसचा फोन. साळुंखे भाईंदर वेस्टला राहतात, स्वभावाने गरीब माणूस. त्यांच्या कथेत पिवळ्या ड्रेसमधली एक मुलगी बसस्टॉपवर उभी असते.

"शुभाताई, ती पिवळ्या ड्रेसवाली कोण?"

"अहो वहिनी, गोष्ट आहे ती. कुणी नाही."

"कुणी नाही कशी? तिच्या ओढणीच्या काठावर चार ओळी लिहिल्यात ह्यांनी! मी परवा केस अर्धे कापून आले, तर ह्यांना पत्ता नाही. आणि जी नाहीच आहे, तिची ओढणी बरी दिसते ह्यांना?"

खरं सांगते, मी वहिनींच्याच बाजूने झाले. साळुंखेंना फोन करून मीच झापलं.

तिसऱ्या भागात त्या मुलीने केस कापले होते. चौथ्या भागात ती नायकाशी भांडून माहेरी गेली. सगळ्या ग्रुपने खाली लिहिलं, "वा! आता कशी कथा खरी वाटायला लागली!"

*

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, आमचा आवाजच मोठा. त्यात माझ्या फोनला रेंज फक्त लिफ्टसमोर येते. एका लेखिकेची गाडी तिसऱ्या भागात अडली होती, तर मी तिथे उभी राहून तिला समजावत होते, "अगं, किती आठवडे गॅलरीतून बघत बसणार आहे ती? घरचे नाही म्हणतायत ना? मग पळून जाऊ दे तिला! आजच जाऊ दे!"

मागे वळून बघते तर शेजारच्या भावनाबेन, हातात दुधाची पिशवी, तोंड उघडं.

"शुभाबेन," त्या हळूच म्हणाल्या, "लडकी कौनसी विंग की है?"

मी हिंदीत समजावलं, मराठीत समजावलं, शेवटी हातवारे करून समजावलं. कहानी है, लिखने का कॉम्पिटिशन है. त्या मान डोलवत राहिल्या. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात! "मॅडम, आप समझदार हैं. ये फॅमिली सोसायटी है. बी विंग के दो-तीन पॅरेंट्स बहुत टेन्शन में हैं."

अरे, म्हणजे बी विंगमध्ये तीन मुली तयारच होत्या की काय! माझा संताप संताप झाला. मी काय मॅरेज ब्युरो चालवते? पण भावनाबेन अजून लिफ्टमध्ये भेटल्या की कानाशी येऊन विचारतात, "पहुँच गई ना ठीक से?"

*

पण ह्या सगळ्यांवर कडी केली दोन तरुण पोरांनी. एक मीरा रोडचा, एक भाईंदर ईस्टचा. एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांचा तिसरा भाग एकाच दिवशी आला आणि दोघांच्या कथेत तीच नायिका, तेच नाव, तीच ओळ, 'तिच्या डोळ्यांत एक अथांग शांतता होती.' आणि दोघांचीही भेट कुठे? भाईंदरच्या खाडीकिनारी, 'मंद सुगंधी वाऱ्यात'!

सुगंधी? आमच्या खाडीला? ओहोटीच्या वेळी येऊन उभे राहा म्हणावं!

बरं, लाज वाटून गप्प बसावं की नाही? दोघांनी मला फोन केले. पहिला म्हणतो, "ताई, त्याने माझी कथा चोरली!" दुसरा म्हणतो, "ताई, माझ्या पर्सनल भावना आहेत त्या, त्याच्याकडे गेल्याच कशा?"

मी दोघांना एकाच कॉलवर घेतलं आणि विचारलं, "त्या एआयच्या अ‍ॅपला काय लिहून द्यायला सांगितलं होतंत रे, ते बोला आधी." मग पहिला बारीक आवाजात म्हणाला, "ताई, प्रेम माझंच आहे. फक्त लिहिलं अ‍ॅपने."

दोघांनाही काढून टाकलं. आणि ग्रुपवर ठणकावून लिहिलं, नियम म्हणजे नियम, इथून पुढे कुणालाही सूट मिळणार नाही. गावडेकाकांनी अंगठा दाखवला. मला वाटलं, चला, अब्रू राहिली.

*

आणि पुढच्याच रविवारी, दुपार झाली तरी रेश्माचा चौथा भाग नाही.

मेसेज केला, तर निळ्या खुणा दिसेनात. फोन केला, तर उचलला हिराबाईंनी. मला मासळीचं गिऱ्हाईक समजून "हलवा संपला," एवढं बोलून ठेवून दिला! शेवटी तीन वाजता रेश्माने शेजारणीच्या फोनवरून फोन केला. रडत होती. तिचा तिसरा भाग पालीत घरोघरी फिरला होता. तो रंगारी त्या मुलीच्या बापाच्या होडीवर, सगळ्यांच्या देखत, खालच्या कोपऱ्यात तिचं नाव काढतो, असा भाग. बायकांनी चर्चा सुरू केली, ही कोण, तो कोण, ही बाहेर जाते तेव्हा कुणाला भेटते. हिराबाईंनी शेजारणीकडून तिन्ही भाग वाचून घेतले आणि फोन उचलून कमरेला खोचला.

"ताई, माझं जाऊ दे," रेश्मा म्हणाली. "छापायचं नशीबच नाही माझं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गावडेंच्या पार्किंगला कुणी अडवलं नाही, साळुंखेंची पिवळी ओढणी चार भाग फडफडली, आणि हिने एक सरळ सुंदर गोष्ट लिहिली तर हिचा फोन जप्त? मुदत वाढवणं शक्य नव्हतं, मीच ठणकावून बसले होते. स्कूटी काढली आणि निघाले पालीला.

तिथल्या गल्ल्या म्हणजे समोरून दुसरी स्कूटी आली की एकीने अंगणात शिरायचं. विचारत विचारत घर गाठलं. हिराबाई ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होत्या. उंचीपुरी, ताठ बाई, मोठं कुंकू. रेश्मा दाराआड उभी. मी चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले.

"आजी, मी शुभा, ग्रुपची. तुमची सून जे लिहिते ना, त्यातलं काही घडलेलं नसतं. अहो, गोष्ट आहे ती! तो माणूस नाही, ती मुलगी नाही, ते सगळं हिने मनानं रचलंय. पालीतल्या बायका काय वाट्टेल ते बोलतील, तुम्ही का ऐकायचं? आमच्या ग्रुपमध्ये इतके जण लिहितात, हिच्याइतकं कुणी चांगलं लिहीत नाही. हिचं नाव छापून येईल आजी! संध्याकाळपर्यंत भाग नाही आला तर मला हिला काढावं लागेल, आणि माझ्याच्यानं ते होणार नाही!"

हिराबाई मान खाली घालून निवडत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हिला कुनी सांगितलं न्हाय?"

"कोण सांगणार? कुणीच नाही!"

"मनानंच लिवलं?"

"सगळं मनानं. देवाशपथ!"

त्यांनी दाराकडे बघितलं. रेश्माने भीत भीत मान हलवली. हिराबाईंनी पदराला हात पुसले, कमरेचा फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. "जा आत, लिव. ऑर्डरीचं मी बगते."

मी जिंकले होते! स्कूटीला चावी लावतेय तोवर मनात भाषणच चाललं होतं माझं, लोकांना गोष्ट आणि खरं ह्यातला फरक कधी कळणार म्हणून. तेवढ्यात हिराबाई ओट्यावरून उतरून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, बोंबील बांधून देतायत. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, तिला येवढंच सांगा. तो उंच न्हवता. माझ्या खांद्याला लागायचा. बाकी समदं बरोबर हाय."